पिशवी काढली का?

परवा गावी गेले होते तर चुलतीने पत्र्याच्या पेटीतून एक कॅरीबॅग काढली. आत रेशनकार्ड, पासबुक आणि घडी घालून घालून फाटायला आलेला, गर्भपिशवी काढल्याचा डिस्चार्जचा कागद. वय २९. मी दोनदा वाचलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आणि खरं सांगू का, एकाच दवाखान्याची गोष्ट असती तर ही पोस्ट लिहिलीच नसती.

आमच्या बीडकडे बायका 'पिशवी काढली' हे दाढ काढल्यासारखं सांगतात. चुलती ऊसतोडीला जाते. तिला पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, दोन लेकरं झालीत ना मग काय करायचीय ती. झालं. ऑपरेशनला कर्ज, कर्ज फेडायला परत मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे). उचल नवरा-बायकोला मिळून असते, दोघांची जोडी म्हणजे एक 'कोयता', त्यामुळे बाईने पाळीत एक दिवस कोपीत (झोपडीत) काढला तरी खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. उसाच्या फडात संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, कापड धुवायला मिळेल ते पाणी आणि वर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरायचा. पांढरं जाणार नाही तर काय होणार?

२०१९ मध्ये हे गाजलं तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हेंच्या समितीपुढे आकडा आला, जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. म्हणजे सहातल्या एकीची! देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्या सरासरीत आमचा फड कुठे दिसणार? आणि ही पाहणीसुद्धा बातम्या आल्यावर, ओरड झाल्यावर. तोपर्यंत कुणी मोजलंच नव्हतं, कारण आपल्याकडे बाईची तब्येत म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, मधलं सगळं तिचं तिने बघायचं. (नसबंदीचं पण बघा, त्याच देशाच्या पाहणीत २०१९-२१ ला बायकांची ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी असून!)

गंमत म्हणजे हे विचारायचं कसं ते महाराष्ट्रातच एका बाईने दाखवून दिलंय. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, दवाखान्यात आलेल्या नाही, गावातल्या. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, सरासरी एकीला तीनच्या वर, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ ला 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर चर्चा झाली. मग ३० वर्षांनी बीडमध्ये आम्ही परत नव्याने धक्का बसून घेतला. धक्का बसायला आपल्याला फार आवडतं.

त्यानंतर पिशवी काढण्याआधी सरकारी परवानगी घ्यायचा नियम आला, चांगलंच झालं, पण तो नियम ऑपरेशन टेबलाच्या एकच पायरी आधी उभा आहे. खाडा, पाणी, संडास त्याच्याही कितीतरी आधी आहेत. आणि ज्यांची काढून झालीये त्यांचं काय? चुलती आता चाळिशीची, अंगातून वाफा निघतात, हाडं दुखतात, कॅल्शियमच्या गोळ्या आठवल्या तर खाते. यंदाही दिवाळीनंतर जाणार आहे तोडीला.

मी विचारलं, मधे कुणी माहिती घ्यायला आलं होतं का गं? म्हणली, "आली होती की एक पोरगी. पिशवी काढली का विचारलं, हो म्हणलं, तिनं टिक केली. मी म्हणलं बाई कंबरेचं बी लिही, उठता येईना झालंय. तर म्हणली, काकू त्याला रकाना नाही."