नावच त बदलवाचं हाय!

आमच्या तालुक्यात जिनिंगवाल्या शेठचं पोरगं नागपूरहून शिकून आलं की सगळ्यात आधी कंपनीच्या वेबसाईटचं नाव जुनाट ठरतं. कापसातून सरकी काढणारे रेचे वीस वर्षांचे असले तरी चालतात, नाव मात्र ताजं पाहिजे. मग आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना फोन येतो, "भाऊ, साईट तीच ठेवा, फोटो तेच ठेवा. नावच त बदलवाचं हाय! दुपारलोक होऊन जाईन ना?"

साईट खरंच दुपारपर्यंत होते. उरलेलं काम पुढच्या कापसापर्यंत पुरतं.

पहिला प्रश्न: जुनं डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नोंदवलेलं नाव, कोणाच्या नावावर आहे? शेताचा गट नंबर हे लोक झोपेतून उठवलं तरी सांगतील, डोमेनचं विचारलं की मुनीमजीकडे बघतात. मुनीमजी छताकडे. साईट ज्या पोट्ट्यानं बनवली तो आता पुण्यात असतो, डोमेन त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. हे लॉगिन हातात येईस्तोवर बाकी कशालाही हात लावू नये. आलं की लगेच ईमेल आणि मोबाईल कंपनीचा टाकून घ्यावा. नवं नाव घेताना पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईवर भाळू नये, दुसऱ्या वर्षाचा दर पाहावा. वेबसाईटांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर ते नाव टाकूनही बघावं. आधीच्या मालकानं तिथे सट्ट्याचं दुकान मांडलेलं असेल तर गूगलच्या मनातली शंका आपल्या नशिबी येते.

सर्व्हरही, म्हणजे साईट ज्या कॉम्प्युटरवर असते तोही, बदलायचा असेल तर डीएनएसमधला (नावावरून सर्व्हर सांगणारी नोंदवही) टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं, हा आकडा आदल्या दिवशीच खाली आणायचा. तो कित्येकदा ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस असतो. तो ३०० करायचा. नाहीतर शेठच्या मोबाईलवर नवी साईट, नागपूरच्या सीएच्या कॉम्प्युटरवर जुनी, आणि दोघंही आपल्याला खोटं पाडतात.

साईट ज्यात बनवतात त्या वर्डप्रेसमध्ये जुनं नाव डेटाबेसच्या पोटात शेकडो जागी दडलेलं असतं. उत्साही माणूस फाईल उघडून सरसकट शोधा-बदला करतो आणि मुखपृष्ठावरचा स्लायडर गायब होतो. कारण काही ठिकाणी मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. नवं नाव तीन अक्षरांनी लहान निघालं की हिशेब जुळत नाही आणि वर्डप्रेस तो तुकडाच वाचत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला टाईप करून आज्ञा द्यायच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा हे आकडे सांभाळून बदल करते. आधी बॅकअप, मग ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता रंगीत तालीम, मग खरं काम. हा क्रम उलटा करणारे रात्री फोन करतात.

आता रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवणं. सर्व्हर त्यासोबत एक आकडा सांगतो. ३०१ म्हणजे शेजारीण सांगते, "ते त वरच्या आळीत राहाले गेले." ३०२ म्हणजे तीच म्हणते, "गावाले गेले, येतीन." शोधयंत्राला कायमचा निरोप हवा, म्हणून ३०१. शिवाय सरकीचं पान सरकीच्याच पानावर, ढेपीचं ढेपीच्या. आळशी माणूस सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवतो. गूगल त्यांना 'पान सापडलं नाही' याच्याच रांगेत बसवतं. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दोन्ही नावांची मालकी सिद्ध करून चेंज ऑफ ॲड्रेस, म्हणजे पत्ता बदलल्याची सूचना, भरायचं. रीडायरेक्ट निदान १८० दिवस ठेवा, शक्यतो वर्षभर, असं गूगल सांगतं. पहिले काही आठवडे साईट शोधात वर-खाली होते. शेठ ती रोज बघतात, कापसाच्या भावासारखी, आणि भाव पडला की आपल्यालाच विचारतात.

भावाभावांच्या वाटणीमुळे नाव बदलत असेल तर रीडायरेक्ट हा तांत्रिक विषयच उरत नाही. जुनं नाव थोरल्याकडे गेलं, तर तो आपलं गिऱ्हाईक धाकल्याकडे काऊन वळवू देईन? शेवटी एक साधं पान टाकून दोघांचे दुवे द्यायचे. वर कोणाचा, हे मी ठरवत नाही.

जुन्या नावाचं एसएसएल, म्हणजे साईट त्याच नावाची असल्याचं प्रमाणपत्र, हमखास विसरलं जातं. एचटीटीपीएस या सुरक्षित पत्त्यावर आलेल्या माणसाला ब्राउझर आधी प्रमाणपत्र विचारतो, रीडायरेक्टची पाळी नंतर येते. फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. जुनं नाव सर्व्हरवरून काढलं की त्याचं आपोआप नूतनीकरण थांबतं, आणि तीन महिन्यांच्या आत, सगळे निश्चिंत असताना, गिऱ्हाइकाला धोक्याचा इशारा दिसतो.

पण खरी गंमत ईमेलची. नव्या नावाला मेल कुठे यावा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी, आणि मेल आपलाच आहे हे पटवणारे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, सगळं नव्यानं लागतं. एसपीएफची नोंद एकच चालते. दोन टाकल्या की दोन्ही बाद, आणि कोइमतूरच्या सूतगिरणीला पाठवलेला गाठींचा भाव स्पॅममध्ये जाऊन पडतो. जुन्या नावावरचा मेलबॉक्सही चालूच ठेवायचा, कारण बँक, जीएसटी, उद्यम नोंदणी, विमा, सगळ्यांकडे तोच पत्ता. मुनीमजींकडून यादी काढून घ्यावी. ते चार नावं सांगतात. पाचवं मार्चअखेरीस कळतं.

कागदावरचं नाव तर कुठे कुठे निघेल याचा नेम नाही: वजनकाट्याची पावती, ढेपीची पोती, रस्त्याकडेच्या घरांच्या रंगवलेल्या भिंती. पोती संपेस्तोवर जुनं नाव गावोगाव फिरतं.

म्हणून जुनं डोमेन सोडायचं नाही. सुटलं तर कोणीही घेतो, आणि त्या पत्त्यावरचे बँकेचे पासवर्ड बदलायचे मेल त्याच्या घरी जातात. एकदम १० वर्षांचे पैसे भरता येतात. हे ऐकल्यावर शेठ चष्मा काढून विचारतात, "जे नाव वापरतच नाही, त्याचे पैसे देऊ? बरं, पाच वर्षांचे करा. अन् त्यायले म्हना, थोडं कमी करा." त्यांची भाव करायची तयारी असते. पैसे भरायच्या पानावर समोर माणूसच नसतो, तेवढी अडचण.