फायनल, फायनल 2, फायनल नवीन

आज परत तेच! काल रात्री आठपर्यंत आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) ऑफिसात बसून कोटेशन नीट केलं, नेटवर्क ड्राइव्हवर (सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात) टाकलं आणि सकाळी राजारामपुरीत घरी लॅपटॉप उघडला तर जुनेच रेट. सिंक झाल्याची हिरवी टिक दिसतीय की समोर, मग माझे बदल गेले कुठं? शोधून शोधून शेजारी 'कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरीच फाइल सापडली, दोन बदल एकमेकांना भिडले की सिंक बाजूला ठेवतं ती प्रत.

मेलचं तर विचारूच नका. ऑफिसचा पीसी अजून पीओपी या मेल आणायच्या जुन्या पद्धतीवर, तो मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरनं पुसून टाकतो, मग मोबाइलवर काय दिसणार? किती वेळा सांगितलं आयमॅप ही दुसरी पद्धत लावा, मेल सर्व्हरवरच राहतात, सगळीकडं सारखे दिसतात. पण नाही! उलट आउटलुकचे मेल साठवणारी पीएसटी फाइल उचलून नेटवर्क ड्राइव्हवर ठेवली, जे करू नका म्हणून मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतंय, आणि आता ती सारखी करप्ट होतीय.

गेल्या महिन्यात ड्रॉइंगची जुनी रेव्हिजन 2 कारखान्यात शॉपवर गेली, नवीन रेव्हिजन 3 मेलमध्येच पडून. चाळीस कास्टिंग रिजेक्ट, सगळी परत भट्टीत. मोल्डिंगवाल्या पोरांनी उन्हाळ्यात गाळलेला घाम कोण भरून देणार?

आणि आत्ता कुणीतरी एक्सेल उघडीच ठेवून जेवायला गेलाय. फाइल रीड ओन्ली. पार्टीचा तिसरा फोन येतोय.