जरा मान हलवा

परवा एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या डोळ्यांची कीव केली. चष्म्याची नव्हे, डोळ्यांची. चष्म्याची कीव मला आठवीपासून अंगवळणी पडली आहे, तिचं काही वाटत नाही.

घरी मोठा पडदा लावायचं ठरलं आणि प्रोजेक्टर निवडायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मीच ओढून घेतलं. दोन महिने रात्री जागून सतरा रकान्यांचा तक्ता केला आणि तो खिशात घालून दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसलो. परीक्षक बसतात तसा.

शेजारच्या खुर्चीत हे गृहस्थ आधीच होते. चपला काढून, मांडी घालून.

"घेताय?" त्यांनी विचारलं.

"बघतोय."

"मीही बघतोच. तीन वर्षं झाली."

दुकानातल्या मुलाने डीएलपी, म्हणजे बारीक आरशांच्या चिपवरून चित्र टाकणारा प्रोजेक्टर सुरू केला. चित्र झकास होतं. मी तक्त्यावर खूण करणार, तोच शेजारून आवाज आला, "इंद्रधनुष्य दिसलं?"

हे प्रकरण मला पाठ होतं. तिसरा रकाना. एका चिपच्या डीएलपीत तिन्ही रंग पडद्यावर एकदम येतच नाहीत. आधी लाल, मग हिरवा, मग निळा असे पाळीपाळीने येतात, आणि ते इतक्या झपाट्याने, की आपला मेंदू त्यांची मोट बांधून एक चित्र करतो. पण नजर झटकन इकडची तिकडे गेली, की काही लोकांना काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना रंगीत पदर सुटलेले दिसतात. काही लोकांना. या 'काही लोकां'त आपण असणारच, हे मी रकाना भरताना गृहीत धरलं होतं.

"नाही दिसलं," मी म्हणालो.

"मान हलवा."

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.

"नको का सर हा?" मुलाने विचारलं.

"नाही नाही, चालू दे."

"नाही म्हणताय की चालू दे म्हणताय?"

"अहो, जोरात हलवा," गृहस्थ म्हणाले. "मारक्या बैलासारखी. आणि डोळे मानेच्या उलटे."

मी जोरात हलवली. मुलगा हिरमुसला आणि त्याने प्रोजेक्टर बंद केला. मी तो परत लावायला सांगितला, तो लागला, तर गृहस्थ उठले, प्रकाशाच्या झोतात उभे राहिले आणि पंजा फडफडवू लागले. "हे बघा!" त्यांच्या पाच बोटांची पंधरा बोटं झाली, लाल, हिरवी, निळी.

"दिसलं!" मी ओरडलोच.

"बोटांत सगळ्यांनाच दिसतं," ते शांतपणे म्हणाले. "पडद्यावर दिसायला हवं." मग खाली बसून, अगदी घरच्यासारख्या आवाजात, "नाही दिसत ना? असू दे. नशीबवान आहात. थोडक्यात भागतं तुमचं."

हे 'थोडक्यात भागतं' माझ्या अजून घशात अडकलं आहे.

खरं म्हणजे डीएलपीवर माझा जीव आहे. त्या चिपवर लाखो आरसे असतात, एकेक आरसा केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान, आणि प्रत्येक जण सेकंदाला हजारो वेळा कलतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही चिप बनवली आणि २०१५ मध्ये त्यांना तिच्यासाठी ऑस्कर मिळालं. सोनेरी बाहुली हातात देतात ते खरं ऑस्कर. देणाऱ्यांनी मान हलवून पाहिली होती की नाही, कोण जाणे. (सिनेमागृहातल्या यंत्रात तीन चिपा असतात, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. म्हणजे इंद्रधनुष्याचा मान फक्त घरगुती गिऱ्हाइकाला.)

मुलाने तोवर एलसीडीवाला लावला. यात लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी स्वतंत्र पॅनेल, त्यामुळे तिघे पडद्यावर एकत्रच येतात. इंद्रधनुष्याचा प्रश्नच मिटला. मी सुटलो असं वाटलं.

"काळा बघा," गृहस्थ म्हणाले.

बघितला. राखाडी होता.

"काय रे," त्यांनी मुलाला विचारलं, "हा काळा टाकतो कसा?"

"टाकत नाही काका. काळा टाकताच येत नाही. तिथे प्रकाश पडू द्यायचा नाही, एवढंच."

"म्हणजे बाकीचे रंग तुम्ही देणार आणि काळा आम्ही घरून आणायचा?"

मुलगा गप्प. मीही गप्प, कारण माझे सतरा रकाने या एका वाक्यात बसत होते. पडद्यावरचा काळा शेवटी तुमच्या खोलीच्या अंधाराएवढाच काळा. छत पांढरं असेल, तर चित्राचाच उजेड छतावर जाऊन परत पडद्यावर येतो आणि महागड्या काळ्याची रया घालवतो. यंत्राच्या बाजूने उजेडाची गळती सगळ्यात कमी ती एल्कॉसची, म्हणजे आरशासारख्या पाठीवर एलसीडी बसवलेल्या यंत्राची. जेव्हीसी त्याला डी-आयएलए म्हणते, सोनी एसएक्सआरडी. मुलाने शेवटी तोही दाखवला. त्यातली रात्र खरोखर रात्र होती. किंमत ऐकल्यावर माझ्याही डोळ्यांपुढे तशीच आली.

आता थोडं चिडून बोलतो. या सगळ्यात निदान भौतिकशास्त्राची तरी अडचण आहे. पण खोक्यांवर जे छापतात, त्याला कसली अडचण? हजारोंच्या आकड्यात लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, आणि कुठले लुमेन ते मात्र नाही. अ‍ॅन्सी म्हणा, आयएसओ म्हणा, मोजायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. नुसतं 'लुमेन' लिहिलं, की मोजणारा आणि छापणारा एकच. 'फोर-के सपोर्ट' म्हणजे फोर-के आत घेतो. बाहेर काय काढतो ते विचारू नका. त्यातल्या त्यात प्रामाणिक डीएलपीवालेसुद्धा बऱ्याचदा १९२० गुणिले १०८० आरशांनाच एका चौकटीच्या वेळात चार जागी सरकवून फोर-केचे ८३ लाख ठिपके काढतात. एकाच कारकुनाने चार खिडक्या सांभाळाव्या तसं. कामं होतात, तक्रार नाही, पण पाटीवर चार कारकून का लिहिता? दिव्याचं आयुष्य अमुक हजार तास म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे तास, हे बारीक अक्षरात. आणि १०० इंचांऐवजी १२० इंची पडदा घेतला, तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं आणि तोच उजेड तेवढ्यात पसरून फिका पडतो, हे कुठल्याच अक्षरात नाही. माणसाने दोन महिने जागून शिकायचं काय, तर समोरचा कुठे कुठे बोलायचा थांबला ते.

असो. त्या संध्याकाळी घरी परतताना बायको गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून मानेचा सराव करत होतो. तिसऱ्या सिग्नलपुढे समोरच्या गाडीचे मागचे एलईडी दिवे पेटले, मी नजर झटकली आणि लाल ठिपक्यांची लांबलचक माळ लख्ख दिसली! असे बरेच दिवे एकसंध जळत नाहीत, भराभर लुकलुकतात, आणि डोळा पळाला की त्यांची माळ होते. भाऊबंदच ते इंद्रधनुष्याचे.

"दिसलं!" मी किंचाळलो. बायकोने करकचून ब्रेक दाबला. काय दिसलं हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

आज सकाळी मान अवघडलेल्या अवस्थेत दुकानात गेलो. खरेदीचं निमित्त होतं, पण जायचं होतं गृहस्थांकडे. ते होतेच, मांडी घालून. मी मुलाला डीएलपी लावायला सांगितला, नजर झटकली, आणि पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-हिरवे पदर सुटले. आता नजर न झटकताही सुटतात. घरी आणला असता तर जन्मभर सुटले असते.

"दिसलं," मी म्हणालो. "तुम्हाला दिसतं तसंच."

"मला?" ते म्हणाले. "छे हो. मला कुठलं दिसतंय! इथे येणारी पोरं म्हणतात, दिसतं."

"मग परवा मला एवढं मान हलव, मान हलव..."

"तुम्ही इतक्या मनापासून हलवत होता," ते म्हणाले, "थांबवावंसं वाटेना."

मी मान हलवली. मुलाने प्रोजेक्टर बंद केला.