चल, लेट घेऊ

काल आमच्या स्क्वॉश लीगच्या दोन्ही सेमीफायनल झाल्या. मी हरलो. ३-२, शेवटचा गेम ११-९. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "हरला म्हणून बोलतोय" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आत्ताच म्हणून घ्यावं. हरलो म्हणून बोलतोयच. पण माझी मॅच सुरू व्हायच्या आधी तासभर मी जे दिवे लावले, त्याबद्दल जास्त बोलायचंय.

आमची लीग म्हणजे निव्वळ हौशी मामला. पाच-पाच जणांचे बॉक्स म्हणजे गट, आपापसांत वेळ ठरवून खेळायचं आणि स्कोअर ग्रुपवर टाकायचा. रेफरी वगैरे भानगड नाही. दोन टप्पे पडले तर ज्याचं त्याने कबूल करायचं. टिनला, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाच्या पत्र्याला, लागला तर आवाज सगळ्यांनाच येतो. आणि कुणी मध्ये आलं की एक जण रॅकेट वर धरून थांबतो, "लेट?" विचारतो, दुसरा "हो हो, घे" म्हणतो. रॅली पुन्हा. बॉक्समध्ये हे खपून जातं, कारण तिथे कुणाचं काही अडलेलं नसतं. सेमीफायनलला अडतं. एरवी ज्याच्याशी हसतखिदळत खेळतो, त्याच्याच पाठीकडे बघून दातओठ खाल्ले जातात. म्हणून सेमीपुरती सोय अशी, की एका मॅचच्या खेळाडूने दुसऱ्या मॅचला रेफरी म्हणून बसायचं. स्कोअर पुकारणारा मार्कर तोच, रेफरीही तोच.

पहिल्या सेमीला मी बसलो. एकीकडे साठीला टेकलेले आमचे काका, दुसरीकडे त्यांच्या निम्म्याहून कमी वयाचा पोरगा. पोरगा वाऱ्यासारखा पळतो. काका पळत नाहीत, समोरच्याला पळवतात. मागच्या कोपऱ्यात उंच लॉब, मग भिंतीला घासून पार मागे जाणारी लेंथ, पुन्हा तीच लेंथ, आणि समोरचा मागे अडकला की पुढे असा हलका ड्रॉप, की बॉल भिंतीवरून घरंगळल्यासारखा खाली येतो. पाच-सहा फटके असे रचायचे, तेव्हा कुठे पोराचा एक बॉल मधोमध सैल पडतो. तो सैल बॉल ही काकांची कमाई.

आणि नेमक्या त्याच वेळी पोरगा मध्ये उभा. मुद्दाम नव्हे, हे मी शपथेवर सांगतो. त्याला फटका मारून तो कसा गेला हे बघत उभं राहायची सवय आहे, तेवढंच. पण कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद. त्यात दोन माणसं, दोन रॅकेट. ज्याने बॉल मारला त्याने वाट सोडायची असते, नाहीतर खेळ पुढे जाऊच शकत नाही. काका थांबायचे, काचेतून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "लेट प्लीज." मी म्हणायचो, "लेट." पोरगा म्हणायचा, "सॉरी काका." काका म्हणायचे, "अरे, चालतंय." सगळं कसं गोड.

तिसऱ्या गेममध्ये मी स्कोअरशीटच्या कडेला लेटच्या बारीक रेघा मारत होतो. सात झाल्या. त्यातले निदान चार सरळसरळ स्ट्रोक होते, म्हणजे पॉइंट काकांचा, रॅली पुन्हा नाही. नियम यात काही मोघम बोलत नाही. तुम्ही मारलेला बॉल थेट समोरच्या भिंतीकडे जाताना वाटेतल्या प्रतिस्पर्ध्यालाच लागला असता आणि म्हणून तुम्ही थांबलात, तर सहसा स्ट्रोक. त्याच्या आड येण्यामुळे पुरेसा स्विंगच घेता आला नाही, तरी स्ट्रोक. बॉल आधी बाजूच्या भिंतीला लागून पुढे गेला असता, तर बहुतेक वेळा लेट. हे मला पाठ आहे. तरी तोंडातून "स्ट्रोक" निघेना. एवढं चांगलं चाललंय, कशाला उगाच कटुता, असं वाटलं. खरं सांगायचं तर मला वाईट व्हायचं नव्हतं.

काका २-० पुढे होते. हरले २-३.

बाहेरून बघणाऱ्याला लेट म्हणजे तडजोड वाटते. याचं नाही, त्याचं नाही, पुन्हा खेळा. पण पुन्हा कोण खेळू शकतं? ज्याच्या छातीचा भाता अजून चालू आहे तो. काकांनी सहा फटके रचून कमावलेलं मी प्रत्येक वेळी पुसून टाकलं आणि म्हटलं, करा परत पहिल्यापासून. पोराला त्याची काही किंमत मोजावी लागली नाही, उलट दम खायला चार सेकंद मिळाले. दमवण्यावर मॅच फिरवता येते हे या खेळात सगळ्यांना ठाऊक आहे. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टरला इजिप्तच्या गमाल अवादने पाकिस्तानचा विश्वविजेता जहांगीर खानकडून पहिला गेम घेतला, तो एकटा गेम ७१ मिनिटं चालला. पूर्ण मॅच गेली २ तास ४६ मिनिटांवर, आणि जिंकला जहांगीर. पण जहांगीरने ते स्वतःच्या पायांवर केलं. आमच्या पोरासाठी ते काम रेफरीच्या खुर्चीवरून मी करून दिलं.

आता माझी मॅच. समोर डावखुरा, आणि रेफरी तोच पोरगा, गळ्यात टॉवेल, अजून धापा टाकतोय. पाचवा गेम, ९-९. डावखुऱ्याचा तिरका क्रॉसकोर्ट फसला आणि बॉल मधल्या रेषेजवळ गुडघाभर उंच उडाला. तो टी वर, म्हणजे कोर्टाच्या मधोमध, मी त्याच्या दोन पावलं मागे, आणि समोरच्या भिंतीच्या व माझ्या मध्ये त्याची भिजलेली पाठ. रॅकेट मागे गेलेली होती. थांबवली. वर बघितलं.

"लेट," पोरगा म्हणाला.

मी म्हटलं, "लेट? अरे, हा स्ट्रोक आहे."

तो अगदी निरागसपणे म्हणाला, "दादा, मगाशी तुम्ही असेच सगळे लेट दिलेत ना?"

मागच्या बाकावर काका पाणी पीत होते. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. बोलले काही नाहीत. रॅली पुन्हा झाली, मी ड्रॉप टिनमध्ये घातला, १०-९. पुढचा पॉइंट आठवायची इच्छा नाही.

रात्री ग्रुपवर लिहिलं, की फायनलला नियमाप्रमाणे स्ट्रोक द्या. लगेच उत्तरं आली. "आपण काय ऑलिंपिक खेळतोय का?" (२०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये येतंय, हे ठरल्यापासून हे वाक्य दर आठवड्याला कुणीतरी टाकतंच.) "मजेसाठी खेळतो यार." "स्ट्रोक मागणं म्हणजे रडीचा डाव."

रडीच्या डावाचं मला पटतं, पण अर्धंच. जे मुद्दाम समोरच्याच्या अंगाला अंग लावून, बॉल सोडून स्ट्रोक शोधत फिरतात, त्यांना "नो लेट" द्या, म्हणजे रॅली गमावली, आणि घरी पाठवा. मजेसाठी म्हणाल, तर साठीच्या माणसाचे सात कमावलेले बॉल परत घेण्यात कुणाची मजा झाली ते मला सांगा.

आणि एक गोष्ट ग्रुपवर लिहायची राहिली. हा बॉल ४० मिलिमीटरचा. फुटबॉल डोळ्यावर आदळला तर भुवईचं आणि गालाचं हाड बरंचसं सोसतं, हा मात्र थेट खोबणीत बसेल एवढा लहान. मी काल ९-९ ला रॅकेट थांबवली, काकांनी सात वेळा थांबवली. थांबणाऱ्याला काहीच मिळत नाही, हे एकदा सगळ्यांच्या लक्षात आलं की कुणीतरी एक दिवस थांबणार नाही. आमच्यात डोळे वाचवायचा खेळाचा गॉगल घालणारे दोघंच आहेत, त्यातला एक मी.

फायनल रविवारी. पोरगा विरुद्ध डावखुरा. रेफरी कोण यावर ग्रुपवर बराच वेळ सगळे गप्प होते, मग काकांनी अंगठा टाकला. सकाळी त्यांचा फोन आला. नियमांची प्रिंट मागितली, अक्षर मोठं करून दे म्हणाले. आणि विचारलं, "नुसतं 'स्ट्रोक' म्हणायचं, की पुढे नावही घ्यायचं?"

म्हटलं, "नाव घ्यायचं काका. 'स्ट्रोक टू' अमुक."

पलीकडून दोनदा हळू आवाजात सराव ऐकू आला. एकदा पोराच्या नावाने, एकदा डावखुऱ्याच्या.