"बहिणीला कंट्रोल करता" म्हणणाऱ्यांना उत्तर

आई गेल्यानंतर मी आणि धाकटी बहीण कशा राहिलो यावर मी पोस्ट लिहिली होती, त्यावरची तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, तेव्हाच लिहायला बसले असते तर भाषा घसरली असती. एक चूक मान्य, आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात धाकटीने नोकरी सोडली असं मी लिहिलं होतं, तो पाचवा महिना होता, दुरुस्त केलंय.

पण "तुम्ही दुःखाच्या पहिल्याच पायरीवर अडकलात म्हणून बहिणीला कंट्रोल करता", हे कुठल्या अधिकाराने हो? दोन ओळीत आमचं घर कळलं तुम्हाला? आणि वर "काळजी घ्या" कशाला चिकटवलंत? पायऱ्यांचंच म्हणाल तर मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ मध्ये त्या पाच अवस्था (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या पेशंट्सशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नाही, आणि त्या ओळीनेच येतात असं नाही हे नंतर त्यांनीही सांगितलं. मला १९९९ चं श्ट्रोबे आणि शुट या शोकावर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं जास्त पटतं, की माणूस कधी दुःखात बुडतो, कधी पुढच्या कामाला लागतो, आणि हे मागेपुढे चालूच राहतं. आमच्याकडे तेच झालं, मी फॉर्म, सह्या, बँक यात घुसले आणि ती आईचा चष्मा पुसत बसायची, तासन् तास, आणि मला वाटायचं ही काहीच करत नाही.

कंट्रोल म्हणे! आईच्या आजारपणात चौदा महिने गोळ्यांची वही मी ठेवली, प्रत्येक डोसपुढे टिक, एकदा बीपीची गोळी दोनदा जाता जाता वाचली ती त्या वहीमुळेच. तुम्ही ठेवली असतीत? हो, नंतर त्याच वहीत मी धाकटीची झोप आणि जेवण लिहायला लागले, पण हे पोस्टमध्ये मीच सांगितलंय, तुम्ही शोधून काढलेलं नाही. एक दिवस वही उघडली तर त्या दिवसाच्या रकान्यात तिचं अक्षर, "ताई, आज नको विचारूस." तेव्हापासून मी एकही टिक केलेली नाही. सोप्पं नाहीये ते, अजून सकाळी हात पेनाकडे जातो.

आईच्या खर्चाचा कोणी किती भार उचलला, हे तुम्ही विचारलंत, पण हा आम्हा दोघींचा प्रश्न आहे, त्यावर इथे बोलणार नाही. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यात काही नाही.

तुमची कमेंट वाचून काल साडेअकराला तिला फोन लावला, तिने उचलला नाही. मी परत लावला नाही.