धपाटा, शाबासकी आणि एक फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा फिरला. 'आम्ही छडी खाल्ली म्हणून घडलो. आजच्या पोरांना उठता-बसता शाबासकी, म्हणून ती लाडावलेली. पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं मार, हे चाणक्यच सांगून गेलेत.' खाली धडाधड अंगठे.

'छडी खाल्ली म्हणून घडलो' यापासूनच सुरुवात करते. आमच्या वर्गातही सगळ्यांनीच खाल्ली. त्यातले जे सातवी-आठवीत शाळा सोडून गेले, ते या ग्रुपवर नाहीत, म्हणून त्यांचा अंगठाही नाही. आम्ही तरलो त्याला घरची माणसं, एखादे जीव लावणारे गुरुजी अशी दहा कारणं होती. श्रेय तेवढं छडीला.

चाणक्याच्या नावावरच्या त्या श्लोकाचं शेवटचं चरण मेसेजमध्ये नव्हतं: सोळाव्या वर्षी मुलाशी मित्रासारखं वागा. ते कुणी फॉरवर्ड करत नाही! आणि शाळेपुरतं म्हणाल, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायलाच नाही, मानसिक छळालाही बंदी घातली आहे.

मग एका काकांनी हुकमी पान टाकलं. 'स्वानुभव आहे. कौतुक केलं की पुढच्या वेळी माती खातो, ओरडलं की सुधारतो.' काका खोटं बोलत नाहीत. आमच्याकडेही हेच दिसतं. लेकाला शुद्धलेखनात वीसपैकी साधारण चौदा पडतात. एकदा अठरा पडले, मी शिरा केला; पुढच्या आठवड्यात तेरा. एकदा नऊ पडले, बाबा ओरडला, पुढे पंधरा. म्हणजे शिरा वाईट आणि ओरडा गुणकारी? अठरानंतर खाली आणि नऊनंतर वर, म्हणजे नेहमीच्या चौदाच्या आसपास येणं हे बहुतेक वेळा होणारच होतं, आम्ही दोघं मुकाट बसलो असतो तरी. इस्रायलच्या हवाई दलातल्या एका प्रशिक्षकानं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना अगदी काकांचंच वाक्य ऐकवलं होतं. कानेमन यांनी जमिनीवर खडूनं खूण काढली आणि तिथल्या प्रत्येक प्रशिक्षकाला तिच्याकडे पाठ करून दोनदा नाणं टाकायला लावलं. पहिल्यांदा ज्यांचा नेम जवळ लागला, त्यातल्या बहुतेकांचा दुसरा लांब गेला, लांबवाल्यांचा सुधारला. नाण्याला कुणी ओरडलं नव्हतं.

'कौतुकानं डोक्यात हवा जाते' हे मात्र मला निम्मं मान्य आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग छापले. कोडी सुटल्यावर काहींना सांगितलं, 'तू हुशार आहेस'. काहींना, 'तू मेहनत घेतलीस.' पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली. नंतर दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना आपले गुण कळवायचे होते, तेव्हा 'हुशार' गटातल्या 38 टक्के मुलांनी ते फुगवून लिहिले. मेहनतवाल्यांत हे प्रमाण 13 टक्के. म्हणजे बाधलं ते बिल्ला लावणारं कौतुक. 'गाढव आहेस' हाही बिल्लाच, ते मात्र आपण संस्कार म्हणून खपवतो.

एका तरुण आईनं उत्तरादाखल 'एका टीकेमागे पाच कौतुकं' हे सूत्र टाकलं. बाजू माझीच, पण तो आकडा मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या नवरा-बायकोंच्या भांडणांवरच्या अभ्यासातला आहे. पोरांसाठी वही घालून हिशेब ठेवू नका.

परवा पोळ्याचं चित्र घेऊन लेक आला. 'वा, छान' ओठांवर आलं होतं, ते गिळून मी नीट पाहिलं. म्हटलं, "मागचे पाय वाकवलेस ना, त्यामुळे बैल खरंच ओढतोय असं वाटतं. जू मात्र मानेवर नाही, हवेत आहे." त्यानं चित्र लांब धरून पाहिलं. "अगं आई, पोळ्याला जू नसतंच! त्या दिवशी बैलाला सुट्टी असते," म्हणाला, आणि खोडरबर आणायला पळाला.