गुलाबराव महाराजांचं ज्ञान आपोआप आलं नव्हतं

भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पुण्यतिथी जवळ आली की एक मजकूर हमखास फिरतो. 'संत गुलाबराव महाराज जन्मांध होते. शास्त्राचं एक अक्षर कधी कानावर पडलं नव्हतं. 1901 मध्ये माउलींनी दर्शन दिलं आणि त्याच क्षणी सगळी शास्त्रं आपोआप आली. मग संसार सोडून त्यांनी एकट्याने शंभरावर ग्रंथ लिहिले.' पाठवणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे. माझीही महाराजांवर तितकीच आहे, म्हणूनच हा मजकूर मला सहन होत नाही.

महाराज जन्मांध नव्हते. 1881 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला जन्मलेल्या या पोराची दृष्टी नवव्या महिन्यात, डोळ्यांवर चुकीचा उपचार झाल्याने गेली. पुढे आई लवकर गेली आणि आजीने सांभाळलं. चुकीच्या उपचाराने ओढवलेलं असं ते दुःख होतं. 'जन्मांध' म्हटलं की हे सगळं दैवाच्या खात्यावर जातं.

'कानावर अक्षर पडलं नव्हतं' हे तर उलटंच आहे. त्यांच्याकडे जे आलं ते कानानेच आलं. लोक वाचायचे, महाराज ऐकायचे आणि ऐकलेलं विलक्षण स्मरणात ठेवायचे. आपल्या वऱ्हाडात देवळात एकजण पोथी वाचतो आणि ओटा भरून माणसं ऐकतात. कधी शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्याला हरिपाठ तोंडपाठ असतो, तो असाच. महाराजांनी हे ऐकणं पार टोकाला नेलं. त्यांनी उत्क्रांतिवाद मांडणारा डार्विन आणि इंग्रज तत्त्वज्ञ स्पेन्सर यांच्या मतांचा विचार करून त्यांना उत्तरं दिली आहेत. समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेतल्याशिवाय त्याचं खंडन होत नाही, आणि स्पेन्सर माधानसारख्या खेड्यात वाढलेल्या या न दिसणाऱ्या माणसाला कोणीतरी वाचून, समजावून दिल्याशिवाय कळणार नव्हता.

दर्शनाबद्दल मी वाद घालणार नाही. माउलींनी त्यांना स्वतःच्या नावाचा मंत्र दिला असं चरित्र सांगतं, आणि ते मला मान्य आहे. पण मंत्र मिळाला म्हणजे श्रम संपले असं त्यात कुठे आहे? ज्याच्यावर कृपा झाली तो शेवटपर्यंत ऐकत, विचारत, सांगत राहिला.

'एकट्याने लिहिले' यात मात्र अन्याय आहे. महाराज सांगायचे आणि शिष्य उतरवून घ्यायचे. चौतीस वर्षांच्या आयुष्यातलं इतकं लेखन ज्या हातांनी कागदावर आलं, त्यांना हा मजकूर एका शब्दात बाद करतो.

संसार सोडला हेही चुकीचं. त्यांचं लग्न लहानपणीच झालं होतं, पत्नी होती, मूलबाळ होतं. पण मजकुरात खरोखर गाळलेली गोष्ट वेगळीच आहे. महाराज स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. कृष्ण पती मिळावा म्हणून गोपींनी केलेलं कात्यायनी व्रत त्यांनीही केलं. कुणबी पाटलाच्या घरातला पुरुष असं राहत असेल तर गाव काय बोललं असेल, याची कल्पना करा. त्यांच्या मधुराद्वैताचा गाभा तिथेच आहे: अद्वैत पूर्ण मान्य, तरी भक्तीचं प्रेम संपत नाही. कुंकवाची लाज वाटून आपण ते गाळणार असू, तर चमत्कार सांगून काय उरतं?

मला याचं वाईट वाटण्याचं एक कारण आजचंही आहे. खेड्यात न दिसणारं मूल असलं की घरचे म्हणतात, 'देवाच्या मनात असेल तर येईल त्याला.' अशा घरात गुलाबराव महाराजांचं नाव घ्यायचं असेल तर त्यांना वाचून दाखवणाऱ्यांचंही घ्या, आणि त्या मुलाजवळ रोज कोणी बसून वाचेल का ते विचारा. ब्रेल शिकवणारी शाळा कुठे आहे तेही शोधा. 20 सप्टेंबरला तो मजकूर पुन्हा आला तर पुढे पाठवण्याआधी निदान 'जन्मांध', 'आपोआप' आणि 'एकट्याने' हे तीन शब्द काढून टाका.